मृत ठरवलेल्या मादी खारीस दाणे व पिंजरा मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
प्राणी संशोधन केंद्र.

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : आपले पत्र, ‘जिवंत असल्याचा दाखला सादर करणे’.

महोदय,

१. अर्जदार ही आपल्या केंद्रात शीतनिद्रा घेणाऱ्या खारींवर संशोधन करते. या खारी हिवाळाभर बर्फासारख्या गार पडून राहतात व जाग येताना स्वतःच्या चरबीवर अंग तापवतात. ही ऊब पेशींतल्या तंतुकणिका निर्माण करतात. आपल्या शीतगृहातील खारी विलक्षण लवकर तापतात. हा गुण एका म्हाताऱ्या मादीकडून उतरला. तिला सगळे आजीबाई म्हणत. तंतुकणिका आईकडूनच मिळतात, बापाचा त्यात वाटा नसतो.

२. मालमत्ता तपासणी पथकाने खारींना हात लावला, त्या गार लागल्या, म्हणून सर्व मृत ठरवल्या. अर्जदाराने हरकत घेताच दाखला मागण्यात आला. पशुवैद्यांच्या थर्मामीटरमधला पारा जागचा हलला नाही. “बाई, मला कळतंय हो, पण लिहू काय?” असे ते म्हणाले.

३. नाइलाजाने एका मादीस उबेत आणून उठवले. ती थडथडा कापली, मग डोळे उघडून पशुवैद्यांच्या बाहीत शिरली. त्यांनी तिचा दाखला लिहून दिला. पुढे उपअधिकाऱ्यांसमोर व नंतर समितीसमोर तिला पुन्हा उठवावे लागले. दर वेळी चरबी जळत गेली आणि शेवटी ती मेली. तेव्हा कार्यालयाने कळवले, की दाखला त्या एकाच प्राण्याचा होता. उर्वरितांचे स्वतंत्र दाखले आणावेत. ते अर्जदाराच्याने झाले नाही.

४. आपण कृपाळूपणे नमुना म्हणून दोन खारी राखण्यास मंजुरी दिलीत. शिपायाने धष्टपुष्ट पाहून दोन निवडल्या. दोन्ही नर निघाले. एक तरी मादी ठेवा, अशी विनवणी केल्यावर लिपिक म्हणाले, “दोन म्हणजे जोडी झाली की!”

५. बाकीच्या खारी पोत्यांत भरून जाळण्यासाठी भट्टीवर नेल्या, तेव्हा अर्जदार आपल्या दालनाबाहेर भेटीसाठी बसून होती. एक पोते भट्टीत गेले. दुसरे धगीजवळ ठेवलेले होते, ते हलू लागले. भट्टीवाले मामा ओरडले, “अहो, जाग्या झाल्यात या!” पोत्याने पेट घेतला होता. मामांनी उघडा हात घालून एक बाहेर काढली. ती मादी आहे. मामांचा हात पोळला आहे.

६. सदर मादी सध्या अर्जदाराच्या टेबलाच्या खणात आहे. भांडारपाल म्हणतात, “मेलेल्याच्या नावावर दाणे कसे देऊ?” तरी तिला दाणे व पिंजरा द्यावा. तिच्यामागे आजीबाईचा वंश चालवणारे कोणी नाही. अर्जदाराचा पगार रोखला तरी तक्रार नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
संशोधन सहायक, शीतगृह
दिनांक : १९ जानेवारी

सोबत : पशुवैद्यांचा दाखला (मयत मादीचा).

ता. क. : अर्ज आवक विभागात देण्यापूर्वीच मादी गेली. मामांनी भट्टी पेटवण्यास नकार दिला व पोळल्या हाताने भांडारामागे खड्डा खणला. आता दाणे नकोत. फक्त त्या दोन नरांना कोणत्याही समितीपुढे उठवू नये. त्यांना वसंतापर्यंत झोपू द्यावे, ही विनंती.