पाठीवरचा चेंडू

भावोजी,

मी कांदिवलीला आईकडे जातेय. भात केलाय, आमटी तेवढी गरम करून घ्या. आजपासून तुमच्या दादांच्या शेजारी तुम्ही झोपायचं. नाइट शिफ्ट बदलून घ्या.

त्यांच्या बनियनला पाठीवर मी खिसा शिवलाय, त्यात रबरी चेंडू आहे. त्यामुळे ते उताणे झोपत नाहीत. परवा सासूबाईंनी "पोराला टोचतो" म्हणून तो काढून फेकला होता, मी परत घातलाय. झोपेची गोळी मागितली तरी देऊ नका. डॉक्टर म्हणालेत, गोळी आणि दारू दोन्ही त्यांना विष आहे.

घोरण्याला वैतागू नका. घोरतायत तोवर ठीक. घोरणं बंद पडलं की समजायचं, गळा आतून मिटला आणि श्वास अडकला. दहा आकडे मोजा, तरी नाही घेतला तर खांदा धरून गदागदा हलवा. झोपेत शिव्या देतील, देऊ देत.

सहा वर्षं मी हेच केलंय. श्वासासाठी गळ्याला भोक पाडायचं ऑपरेशन त्यांना नको होतं. "तू आहेस ना उठवायला," म्हणाले.

काल घोरणं थांबलं तेव्हा मी जागी होते, भावोजी. चाळीसपर्यंत मोजलं आणि हात उचलला नाही. एक्केचाळीसला ते आपणहूनच दचकून उठले. घामाने भिजले होते. माझा हात धरून म्हणाले, "बरं झालं, उठवलंस."

मालन