उजवा वेगळा, डावा वेगळा

३ सप्टेंबर
शिंप्याकडून ब्लाऊज आणला. त्याची काही चूक नाही. नेहमीसारखं म्हणाला, "ताई, मापाचा ब्लाऊज द्या, तस्साच शिवतो." मी कपाटातला जुना दिला, ऑपरेशनच्या आधीचा. दुसरा देणार कुठला? अंगाला टेप लावून घ्यायची हिंमत नव्हती. त्याने तस्साच शिवला. डावीकडे मी, उजवीकडे रिकामी पिशवी.

मोठ्या बाईंचा फोन होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजर व्हायचं. सातवीचं गणित तुमची वाट बघतंय म्हणे. गणित कसलं वाट बघतंय, माझ्या जागी घेतलेली शिक्षिका सोडून गेलीय. ड्रेस घातलात तरी चालेल म्हणाल्या. मला नाही चालणार. सोळा वर्षं साडीत शिकवलं. आता ओढणी धरू की खडू?

५ सप्टेंबर
शिक्षकदिन. सातवीच्या चार मुली गुलाब घेऊन आल्या. सासूबाईंना म्हटलं, झोपलेय म्हणून सांगा. मोरीत उभी राहून ऐकत होते. "बाईंना कधी बरं वाटेल, आजी?" असं एकीने विचारलं. आवाजावरून मनस्वी असावी.
संध्याकाळपर्यंत गुलाब तसेच पिशवीत. आईंनीच पाण्यात ठेवले.

९ सप्टेंबर
आज 'ते' घालून भाजीला गेले. दुकानातून आणलेलं, स्पंजचं. उन्हात घामाने ओलं झालं आणि वर सरकायला लागलं. मेथी निवडत होते. भाजीवालीची नजर माझ्या गळ्याशी. तिने मेथीच्या न मागता दोन जुड्या जास्त घातल्या. दया आली असेल. मला मेथीचा राग आला.
आईंनी जेवताना तोडगा काढला. "आगं, गुजरात्यांवानी पदर घे. उजवीकडं येतो. कुनाला दिसनार न्हाय."
खरं आहे. आपला पदर डाव्या खांद्यावर, आणि गेली ती उजवी. जायचीच होती तर पदराखालची जायची! इतकी साधी सोय नाही झाली.
आईंना म्हटलं, बघते. बघणार नाहीये.

१२ सप्टेंबर
व्यायाम: भिंतीवर बोटांनी चढायचं. उजवा हात जिथवर पोचेल तिथे पेन्सिलची खूण. आज खांद्याच्या चार बोटं वर. स्वयंपाकघरात फळ्याच्या वरच्या कडेएवढी एक रेघ मारून ठेवलीय, अंदाजाने. ती अजून हातभर वर आहे.
अ. ला म्हटलं, पाठीचं माप घे, मीच शिवणार आहे आता. वळ गावच्या गोदामातून दमून आला होता. गाउनवरूनच टेप धरली, बघत होता टीव्हीकडे. "चौतीस असेल." असेल! नवरा आहे की पंचांगातला अंदाज?
तो अजून हॉलमध्येच झोपतो. मला धक्का लागू नये म्हणून. टाके फेब्रुवारीतच निघाले.

१८ सप्टेंबर
जुबेदाआपांचा शिवणक्लास लावला. दुपारी दोन ते चार. पूर्वी त्यांचा लूमचा कारखाना होता तीच शेड. लूम भंगारात गेले, जमिनीत बोल्टांची भोकं राहिली आणि तेलाचे डाग. आता आठ मशिनी. भिंतीपलीकडे शेजाऱ्याचे लूम मात्र चालूच, खडखड खडखड. सगळं ओरडूनच बोलायचं. भिवंडीत जन्म गेला, मला त्याचं काही वाटत नाही.
आपा साठीच्या. चष्म्याला दोरी. मला 'टीचर' म्हणतात. मी कुणालाच काही सांगितलेलं नाही. ओढणी दोन पदरी, वर सेफ्टी पिन.
पहिला दिवस: जुन्या चादरीवर सरळ शिलाई. माझी सरळ शिलाई बघून आपा म्हणाल्या, "टीचर, ये तो नदी हाय."

२६ सप्टेंबर
उशीचे अभ्रे दोन, परकर एक. परकर बरा झाला. परकराला काही कळत नाही वरचं.
बायकांच्यात बसले की बरं वाटतं, हे लिहून ठेवते. कुणी माझ्याकडे बघत नाही, सगळ्या आपापल्या सुईकडे बघतात.

४ ऑक्टोबर
पहिला ब्लाऊज कापला. आणि वाटोळं केलं.
आपांनी दाखवलं तसंच केलं. कापड दुमडायचं, दोन्ही थर जुळवायचे, वर मापाचा ब्लाऊज ठेवायचा, भोवती शिलाईसाठी दोन बोटं माया सोडून खडू फिरवायचा, एकदाच कात्री. पुढचे दोन्ही भाग एकदम निघतात, सारखे. सगळ्या जगाचे ब्लाऊज असेच कापले जातात. सोळा वर्षं पोरांना कागद दुमडून सममिती शिकवली, माझ्या हाताने विचार न करता तेच केलं. कात्री फिरवताना किती छान वाटत होतं, मूर्ख बाई.
घरी येऊन शिवला. घातला. शिंप्याचाच ब्लाऊज पुन्हा, फक्त शिलाई वाकडी.
मोरीत बसून रडले. उसवला. परत रडले.

५ ऑक्टोबर
आज जे झालं ते लिहायचं की नाही, माहीत नाही. लिहिते.
आपांनी उसवलेले तुकडे बघून विचारलं, "क्यों खोला? कटिंग तो बरोबर होती." पलीकडचे लूम जोरात. मी म्हटलं, मला बसत नाही. त्यांना ऐकू आलं नाही. परत म्हटलं. "क्या?" शेवटी मी जीव खाऊन ओरडले, "माझी उजवी बाजू काढलीय! कॅन्सरने! एकच आहे!"
आणि तेवढ्यात लाइट गेली.
सगळे लूम एकदम बंद. अख्खी गल्ली चिडीचूप. 'एकच आहे' त्या शेडमध्ये घुमलं. भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं, पुरुष.
कुणी हसलं नाही. बाकी सातही जणींनी खाली, मशिनीकडे बघितलं. बंद मशिनीकडे. मी पर्स उचलली आणि निघाले. चप्पल एक माझी, एक दुसऱ्याच कुणाची. घरी आल्यावर कळलं.

८ ऑक्टोबर
नाही गेले. भिंतीचा व्यायामही नाही.

९ ऑक्टोबर
आपा घरी आल्या. हातात माझी चप्पल. आईंनी चहा केला, दोघी बराच वेळ संधिवातावर बोलल्या. जाताना आपा म्हणाल्या, "चूक माझी हाय. मी सगळ्यांना दुमडून कापायला शिकवते. तुला नाय शिकवायला पायजे होतं." 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आल्या कळलं नाही. "उद्या एक वाजता ये. पोरी दोनला येतात."

१० ऑक्टोबर
शेडचं दार आतून लावलं. आपा म्हणाल्या, ओढणी काढ. काढली. कुर्ता? तोही.
आठ महिने मी स्वतः नीट बघितलेलं नाही. आंघोळ करते ती डोळे मिटून, साबण कुठे आहे ते हाताला माहीत आहे. आणि इथे एक परकी बाई चष्मा पुसून बघतेय. तोंडाने च्‌ च्‌ नाही, अल्ला नाही, काही नाही. टेप गार होती.
"सीधी खडी रह." मी उभीच होते. "नाय, वाकलीयस. उजवा खांदा पुढं घेतलायस. असं माप घेतलं तर ब्लाऊज पण वाकडाच होनार." दोन्ही खांदे धरून मागे ओढले. टाक्यांची शिवण ताणली गेली, दुखलं. किती महिन्यांनी सरळ उभी राहिले कोण जाणे.
त्यांनी टेबलावर खडूने मधोमध रेघ मारली. डावीकडे डाव्याची मापं, उजवीकडे उजव्याची. काही आकडे सारखे, बरेचसे नाहीत. मग मला म्हणाल्या, "आता तू वाच. मोठ्यानं." वाचली. लूम चालू होते, ओरडून वाचली.
घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. पाच मिनिटं असेल. आडवा व्रण, एका टोकाला गाठोडं झाल्यासारखी कातडी. वाईट आहे. वाटलं होतं तेवढं वाईट नाही, पण वाईट आहे. उगाच छान छान लिहायचं नाही इथे.

१७ ऑक्टोबर
कापड न दुमडता कापायचं. आधी वर्तमानपत्रावर आखणी. डाव्याला टक्स, म्हणजे फुगवट्यासाठी चुण्या, उजवा सपाट. उजव्याचा मुंढा मोठा हवा, नाहीतर हात वर होताना काचतो. तीनदा कागद फाडले. एक भाग उलटा कापला, दोन्ही डावेच झाले. आपा कपाळाला हात लावून हसल्या, मीही. खूप दिवसांनी.
आईंनी संध्याकाळी हातात काहीतरी ठेवलं. मऊ कापडाची छोटी गोल पिशवी, आत मोहरी. बाळाच्या उशीत भरतात तशी. "स्पंजावानी वर न्हाय चढनार. वजन हाय तिला." दुपारभर शिवत होत्या म्हणजे, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी. मला वाटायचं, यांना फक्त लोकांची लाज. पाया पडले तर म्हणाल्या, "आता काय सन हाय काय?"

२३ ऑक्टोबर
ठाण्याला तपासणी. तीन महिन्यांची ठरलेली. अ. बरोबर होता. डॉ. उजवीकडे खूश. डावीकडे हात थांबला. परत तिथेच आला. "सोनोग्राफी करून घेऊ."
येताना रिक्षाने. अंजूरफाट्याला ट्रॅफिक, एक तास. अ. म्हणाला, "काही नसेल." मी म्हटलं, "असेल." चौतीस असेल तसं.

३० ऑक्टोबर
दिवाळी झाली. फराळ विकतचा. सोनोग्राफीत काहीतरी आहे, लहान. सुई घालून तुकडा घ्यायचा. तारीख मिळाली सुट्टी संपल्यानंतरची.
ब्लाऊज पूर्ण. निळा, सुती. गळ्याची पट्टी जराशी फुगलीय. आपांनी हुक तपासले, आतून बाहेरून उलटा करून बघितला, म्हणाल्या, "शिंपी कामाला ठेवनार नाय तुला. पण घालण्याजोगा हाय."
मोहरीची पिशवी शिंप्याच्या ब्लाऊजात घालून पाहिली. बसते छान, आईंनी माप बरोबर धरलं होतं. मग तो काढून नवा घातला. पिशवीशिवाय उजवीकडे सपाट, सुरकुती नाही, रिकामं कापड लोंबत नाही. जसं आहे तसं.
आईंना सांगितलं, लग्नकार्याला घालेन तुमची. शाळेत नको. त्यांनी पिशवी हातात घेऊन दाबून बघितली. मग म्हणाल्या, "धुवायची न्हाय पन. मोड येतील."

११ नोव्हेंबर
हजर झाले.
सकाळी साडी नेसून हॉलमध्ये आले. आपला नेहमीचा पदर, डाव्या खांद्यावर. अ. बूट घालत होता. बघितलं. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा असं, सरळ.
"दिसतंय," म्हणाला.
"हो."
"बरं." आणि दुसरा बूट घातला. डबा विसरून गेला.
स्टाफरूममध्ये सगळ्या माझ्या कपाळाशी बोलत होत्या. सातवी ब मात्र बघत होती, मुलंच ती. मुली जास्त. मी टेबलामागे उभी राहिले नाही. पुढे आले.
फळ्यावर तारीख लिहायची असते वरच्या कोपऱ्यात. हात नेला. मुंढा काचला नाही. हात पोचला नाही, चार बोटं कमी पडला. टाच उचलली. पोचला. अक्षर वाकडं आलं.
मागून मनस्वी म्हणाली, "बाई, नवीन ब्लाऊज?"
मी वळले. "हो. मी शिवला." 
"एक बाजू वेगळी आहे."
"मी पण," म्हटलं. "वह्या काढा."
तास झाल्यावर शौचालयात जाऊन उलटी केली. ते पण लिहून ठेवते. पण तास घेतला. चाळीस मिनिटं, पूर्ण.

१९ नोव्हेंबर
सुई झाली. डावीकडे पट्टी. रिपोर्ट शुक्रवारी.
शाळा चालू. पाचवीतल्या एकीची आई गेटवर थांबली होती. बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, माझ्या बहिणीचंबी तसंच झालंय. ती घराभाईर येत न्हाय. ह्यो ब्लाऊज कुटं शिवून मिलतो?" आपांचा पत्ता दिला. एक वाजता जा म्हणावं, दोनला नको.

२० नोव्हेंबर
अ. ने आज आपली गादी आत आणली. खाली घातली, पलंगाशेजारी. मी चादर काढून दिली. शुक्रवारच्या भीतीने आला असेल. तरी आला.

२१ नोव्हेंबर
उद्या शुक्रवार.
शाळा सुटल्यावर आपांकडे दुसरा ब्लाऊज कापायला काढला, मेंदी रंगाचा. एकाच ब्लाऊजवर किती दिवस काढणार, रोज रात्री धुवून. कापड टेबलावर पसरलं, न दुमडता. आधी पाठ कापली. मग बाह्या. मग उजवा, सपाट. हात बसलाय आता, एकदाच कात्री.
डाव्याचा कागद ठेवला. खडू फिरवला. टक्सची खूण केली. कात्री उचलली.
आपा बघत होत्या. "काप ना."
"उद्या रिपोर्ट बघून संध्याकाळी येऊन कापते."
त्यांना कळलं. खडूची रेघ फडक्याने पुसली, म्हणाल्या, ती उद्याही मारता येते. उरलेलं कापड घडी घालून माझ्या नावाची चिठ्ठी लावून फळीवर ठेवलं.