पॅडच्या कपाटाचा अध्यक्ष

३ जुलै
प्राचार्यांनी कॉलेजच्या 'मासिक पाळी आरोग्य व समता समिती'चे अध्यक्षपद मजकडे सोपवले. अन्य कोणी हात वर केला नाही, हे गौण. वनराजास अभिषेक लागत नाही. संकल्प: मुलगे-मुली, झाडून साऱ्या युवाशक्तीस कार्यप्रवण करणे. सदस्य: मी, क्रीडाशिक्षक, हेडक्लार्क. मुलींना संकोच नको म्हणून मुली घेतल्या नाहीत.

६ जुलै
पॅडची खोकी आली. उधळपट्टी टाळण्यास्तव कपाटात कुलूपबंद, किल्ली मजपाशी. गरजूंनी अर्ज करावा: नाव, तुकडी, कारण, वर्गशिक्षकांची शिफारस. 'कारण' ही हेडक्लार्कची सूचना. मुरलेला गृहस्थ.

१३ जुलै
एकही अर्ज नाही. निष्कर्ष: समस्या अतिरंजित. कन्येस (अकरावी, हेच कॉलेज) तसे सांगितले. ती म्हणाली, बाबा, तुम्ही जन्मतःच असे आहात की शिक्षकांना याचं ट्रेनिंग देतात? प्रश्नातील जिज्ञासा आवडली.

१७ जुलै
युवा मेळावा. 'तो' शब्द एकदाही न उच्चारता चाळीस मिनिटे बोललो. भाषाप्रभुत्व म्हणतात ते हेच. मुलग्यांना व्हॉलीबॉलला पिटाळले होते. चार-पाच निर्लज्ज तरीही बसले. अखेरीस प्रात्यक्षिक. पॅडचा कागद सोलून, चिकट बाजू अंगाकडे, म्हणजे हलत नाही, असे सप्रमाण सांगितले. मग बास्केटबॉलचा उंच कॅप्टन उठला. म्हणाला, सर, उलटं. चिकट बाजू कपड्याला. तुला रे काय ठाऊक, असे दरडावले. तर म्हणे, दोन बहिणी आहेत, दुकानातून मीच आणतो. पौरुषाचा हा ऱ्हास!

२० जुलै
कॅप्टन व कन्या निवेदन घेऊन आले. मागच्या परीक्षेत एक मुलगी पेपर अर्धवट टाकून घरी गेली. सबब २७च्या शिष्यवृत्ती परीक्षेआधी पॅड स्वच्छतागृहात उघडे ठेवा. मी म्हणालो, मुलगे पळवतील. कॅप्टन म्हणाला, पळवून काय करू सर, उशी? उद्धट. निवेदन विचाराधीन ठेवले, म्हणजे ड्रॉवरमध्ये.

२७ जुलै, दुपारी
परीक्षागृहात मी पर्यवेक्षक. पाऊण तासाने मागच्या बाकांवरून काहीतरी हातोहात पुढे सरकताना दिसले. कॅप्टनच्या हातातून झडप घालून हिसकावले. कॉपी! असे गर्जून पुडी सर्वांसमक्ष फाडली. पॅड निघाले. चिठ्ठी सापडेना म्हणून थरही उसवले. कापसाखेरीज काही नाही. पहिल्या बाकावरची मुलगी, तीच, मागच्या खेपेची, निम्मी उत्तरपत्रिका कोरी टाकून निघून गेली. कोणीही हसले नाही. शिस्त वाखाणण्याजोगी.

२९ जुलै
प्राचार्यांनी कपाट फोडवले. मी किल्ली पुढे करीत होतो. थांबायला कोणास सवड नव्हती. आता कॅप्टन अध्यक्ष, कन्या चिटणीस. त्या मुलीची फेरपरीक्षा व्हावी म्हणून 'कॉपी नव्हती, चूक माझी' असे पत्र माझ्याकडून लिहून घेतले. शैली उत्तम साधली. कन्येने त्यातली पाच विशेषणे खोडली.

२ ऑगस्ट
फेरपरीक्षा मंजूर. नव्या समितीचा पहिला वर्ग भरला. शिकवायला तीच मुलगी. कन्येने बजावले होते, बाबा, यायचं, आणि तोंड उघडायचं नाही. मागच्या बाकावर बसलो. शेजारी मिसरूडही न फुटलेला एक पोरगा भराभर टिपणे काढीत होता. माझ्या कोऱ्या वहीकडे पाहून त्याने आपली वही सरकवली. म्हणाला, उतरवून घ्या सर, लाज नका वाटून घेऊ, हळूहळू समजतं.