पाचवा टॅपेट दुसऱ्या भोकात

१८ सप्टेंबर १९७०

जमले! आठही जमले!

लहानपणापासूनच्या दोस्तानं, गोरक्षनं, लेथवर शेवटचा टॅपेट उतरवला आणि माझ्या तळहातावर ठेवला. गरम होता. हात भाजला तरी सोडला नाही मी. जुना आणि नवा तराजूत घातला तर जुन्याचं पारडं धप्पकन खाली! जुने म्हणजे नुसते दगड. कॅम फिरतो, टॅपेट उचलतो, झडप उघडते — काम एवढंच. पण वेग वाढला की त्या दगडांना ते झेपत नव्हतं. झडपा मागे राहायच्या आणि गाडी चढावर धापा टाकायची. नवे आतून पोकळ, वाटीसारखे. कातले गोरक्षनं, तापवून पाणी दिलं मी. भिंगारात दुसरा कोणी करून दाखवू दे!

गाडी काष्टीच्या भाऊसाहेबांची. लाल, दोन सीटची, विलायती. बदली होऊन गेलेल्या एका लष्करी साहेबाकडून घेतली त्यांनी. संध्याकाळी येऊन टॅपेट बघितले आणि म्हणाले, "कानिफ, डिसेंबरात पुण्याच्या क्लबाची घाटातली शर्यत हाय. इंजन तू बांधलंस, तर गाडीत बी तूच बसायचं."

मी! लष्कराच्या वर्कशॉपात सहा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांखाली उताणा पडलेला मी!

गोरक्ष म्हणतो, "मला एकदा तरी फिरवू देशील का न्हाई?" म्हटलं, आधी तोंड धू, मग बघू.

२७ सप्टेंबर

नारळ फोडला आणि इंजिन चालू केलं. नव्या टॅपेटला हळू फिरवून चालत नाही. पहिल्यापासून ॲक्सिलरेटर दाबून ठेवावा लागतो, तरच तो आणि कॅम एकमेकांना घासून बसतात. गोरक्षनं त्यावरून पाय हलवला नाही. घामानं निथळला, धुरानं डोळे लाल, पण उठला नाही. एकदा जोडी बसली की बसली. मग पाचवा पाचव्यालाच. दुसरीकडे घातला तर कॅम खाणार.

बाजारात आम्हाला "नाथांचं गॅरेज" म्हणतात. कानिफ आणि गोरक्ष. म्हणेनात!

७ ऑक्टोबर

खोलून बघितलं. टॅपेटचे तळ आरशासारखे! लाकडी फळीला आठ भोकं पाडली, वर खडूनं आकडे घातले आणि ज्याचा तो त्याच्या भोकात ठेवला. टॅपेटवर खूण नाही केली, उगाच ओरखडा नको. पाचवा तसाही ओळखू येतो. पाणी देताना कडेला निळा डाग पडला त्याच्या, गालाला तीट लावल्यासारखा.

११ ऑक्टोबर

दसरा झाला. खांडेनवमीला मी काष्टीला, भाऊसाहेबांनी ट्रॅक्टरच्या पूजेला बोलावलेलं. इथली पूजा बायकोनं, चांगुणानं केली. दसऱ्याला गोरक्ष सोनं घेऊन आला, मिठी मारली आणि कानात म्हणाला, "घाट जिंकून ये भावा." चांगुणानं त्याला दोन पुरणपोळ्या जास्तीच्या वाढल्या. मला विचारलंसुद्धा नाही!

१३ ऑक्टोबर

ताप. अंथरुणात पडून आहे. फळीवरचे टॅपेट घालून इंजिनाचं हेड गोरक्षच बांधतोय. मी बांधलं काय, त्यानं बांधलं काय, एकच.

२५ ऑक्टोबर

दौंड रस्त्याला गाडी काढली. पहिला टप्पा — काय सांगू! झाडं मागे पळत होती. भाऊसाहेब शेजारी बसून "हाण, हाण" करत होते. परतताना टकटक. आधी बारीक, मग ठणाठण. भिंगारपर्यंत ढकलत आणली.

२६ ऑक्टोबर

केसानं गळा कापला! माझा गळा!

इंजिन खोललं. तेलात लोखंडाचा चुरा. कॅमची दोन टोकं झिजून बोडकी झालेली. मी एकेक टॅपेट काढत गेलो आणि दुसऱ्या भोकातून कोण निघाला? निळ्या डागाचा. पाचवा! दुसऱ्या भोकात! पुढं बघतो तर सगळे उलटसुलट. ओळीनं एकही नाही.

एकाच्या पोटात, कोपऱ्याला पिवळट लगदा चिकटलेला. कॅम खायला कसली तरी घासायची पेस्ट कालवली होती, आणखी काय! मी तो टॅपेट गोरक्षच्या नाकापुढं धरला. त्यानं लगदा बोटावर घेतला. चोळला. बोट पिवळं झालं, ते बघतच राहिला. तोंड उतरलं त्याचं. चोराचं उतरतं तसं.

मी गरजलो — "ज्यानं ह्या फळीला हात लावला तो माझा वैरी! घरातलं माणूस असलं तरी दारात उभं करणार न्हाई, आईशप्पथ!"

चांगुणा चहा घेऊन येत होती, माझा आवाज ऐकून दारातूनच परत फिरली. गोरक्षनं तिकडं बघितलं. मग खाली मान घातली आणि म्हणाला, "मीच लावला. चुकलं माझं."

"चुकलं? आठच्या आठ चुकले?"

एक शब्द तरी बोलायचा! शिवी द्यायची, भांडायचं, मी भांडलो असतो. त्यानं हात पुसले, शर्ट खुंटीवरून काढला आणि गेला.

त्यालाच बसायचं होतं गाडीत. "मला एकदा फिरवू दे" — कळलं आता.

३० ऑक्टोबर

दिवाळी. तेलाचा दिवासुद्धा लावावासा वाटत नाही.

९ नोव्हेंबर

भाऊसाहेब गाडी पुण्याला घेऊन गेले. ट्रकवर चढवून, दोरखंडानं बांधून. म्हणाले, "तिथं हुतंय का बघतो. तुझा काय दोष न्हाई, कानिफ." दोष नाही म्हणाले आणि गाडी नेली. लाल रंग चौकाच्या वळणापर्यंत दिसत होता.

२१ नोव्हेंबर

चहावाला आसाराम सांगत होता, गोरक्ष पुण्यात एका मोठ्या गॅरेजात लागला. शर्यतीच्या गाड्या असतात म्हणे तिथं. बघा! खाल्ल्या घरचे वासे मोजून गेला. आमच्या दोघांच्या आयांनी एकाच फडक्यात गुंडाळून मढीला नाथांच्या पायावर घालायला नेलं होतं आम्हाला. एकाच फडक्यात!

१४ डिसेंबर

काल शर्यत झाली. मी गॅरेजातच होतो, एका टेम्पोचं ब्रेकचं काम करत.

भाऊसाहेब आज आले. त्यांची गाडी गोरक्षच्याच गॅरेजात दुरुस्त झाली, पण घाटात उतरलीच नाही. म्हणे, "गोरक्षला म्हनलं तू बस. तर म्हनतो, ती जागा कानिफची हाय. मी न्हाई बसत." मला वाटलं भाऊसाहेब थट्टा करतात. मग कळलं, खरंच. ढोंगी! आधी पाय तोडायचा आणि मग कुबडी आणून द्यायची!

झोप लागत नाही अशानं.

१९ जानेवारी १९७१

एस.टी.च्या कंडक्टरनं पुडकं आणून दिलं. "पुन्याहून गोरक्षनं दिलंय." हातात घेताच वजनावरून कळलं. टॅपेट. आठ असणार. न उघडता परत दिलं. कंडक्टर म्हणाला, "आरं, बघ तर खरं." म्हटलं, तूच बघ आणि तूच घाल तुझ्या एस.टी.त.

३ मार्च

चांगुणा आज जेवताना म्हणाली, "गोरक्षभावजी लईच परके झाले. एकदा बी आले न्हाईत. काय झालं तुमचं?" ताट सरकवून उठलो. "त्याचं नाव घरात काढायचं न्हाई!" ती बावरली बिचारी. तिच्यावर कशाला ओरडलो? तिचा काय संबंध?

१२ जून

नगरच्या स्टँडवर दिसला. वाळलाय. हात वर केला त्यानं. मी तोंड फिरवलं आणि पानपट्टीवर उगाचच सुपारी मागितली. सुपारी खात नाही मी.

मागे वळून बघितलं तेव्हा गाडी सुटली होती.

२८ सप्टेंबर

खांडेनवमी. औंदा मी घरीच. चांगुणानं पाने, हातोड्या धुऊन पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं. मग इकडं तिकडं बघून म्हणाली, "अवो, त्या बारक्या वाट्या न्हाईत का औंदा? गेल्या साली फळीवर हुत्या त्या. तेलानं लई काळ्या झालेल्या. मी समद्या काढून धुतल्या, हळद लावली, पूजा झाल्यावर पुसून परत एकेका भोकात घातल्या. कशा लख्ख दिसत हुत्या!"

हसत सांगितलं तिनं. तिला अजून काहीच ठाऊक नाही.

गोरक्षला ठाऊक होतं. हळदीनं बोट पिवळं झालं तेव्हाच.

उद्या दसरा. पहिल्या एस.टी.नं पुण्याला जातो, सोनं घेऊन. चांगुणानं विचारलं, सणाच्या दिवशी कुठं? म्हटलं, गॅस्केट आणायचंय.