शंभर टक्के बिरदेव

३ फेब्रुवारी, सकाळी ९
सांगलीहून फॉरेन्सिक व्हॅन घेऊन आटपाडीला रवाना. हरणाबाई नावाच्या म्हातारीची बोरमाळ चोरीला. संकल्प : आजपासून घटनास्थळी गप्पा बंद. माणसं खोटं बोलतात, ठसे बोलत नाहीत.

दुपारी २
आमच्या आधी अख्खी गल्ली घरात फिरून गेलेली. पिवळी टेप बांधली. तिच्यावर कुणीतरी लुगडं वाळत घातलं. हरणाबाई जावयाबद्दल काहीतरी सांगत होत्या. नम्रपणे गप्प केलं. ठशांसाठी पावडर मारताना कॉन्सन्ट्रेशन लागतं. रिकाम्या ट्रंकेवर अंगठ्याचा ठसा मिळाला. फ्रेम करून लावावा असा.

५ फेब्रुवारी
गल्लीतल्या सगळ्यांचे ठसे घेतले होते, एक जुळला! शेजारचा बिरदेव. रेघांच्या सोळा खुणा, सोळा पॉइंट! तो म्हणतो, चोरीच्या आदल्या दिवशी म्हातारीची ट्रंक मीच माळ्यावरून उतरवून दिली. सगळे असंच म्हणतात. इन्स्पेक्टर उत्कर्षा मॅडमनी विचारलं, नक्की? शंभर टक्के, म्हणालो. पोरगा आत.

६ फेब्रुवारी
त्याची आई रंगूबाई ऑफिसात. उद्या पोराची साताऱ्याला मिलिटरी भरती आहे, वयाच्या हिशेबानं शेवटची, म्हणाली. तिला ठशाचा एन्लार्ज फोटो दाखवला, एकेक रेघ समजावली. हात जोडून गेली. पटलं असावं.

८ फेब्रुवारी
जावई सापडला. माळ विट्याच्या सोनाराकडे. मॅडमनी म्हणे हरणाबाईंना नुसतं विचारलं. अशास्त्रीय पद्धत. बिरदेवला सोडलं. अंगठा त्याचाच होता, म्हणजे मी बरोबरच; हे कुणी लक्षातच घेत नाही. खुलासा तयार ठेवलाय, दोन पानं.

९ फेब्रुवारी
खुलासा कुणी मागितला नाही.

१२ फेब्रुवारी
माळ ओळखायला हरणाबाई आल्या. माझ्यासमोर थांबून म्हणाल्या, "सायेब, पावडर लय भारी तुमची. पण माझं ऐकून घेतलं असतं तर पोराची भरती चुकली नसती."
अडाणी बाई. तरी जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

२० मार्च
आटपाडी पोलीस ठाण्यात बिरदेव भेटला. साताऱ्यात एमआयडीसीत वॉचमनची नोकरी मिळतेय, चारित्र्याचा दाखला हवा. पुढच्या भरतीला जोर लाव, असं मी मोठ्या मनानं सांगितलं. "वय बसत न्हाई आता," म्हणाला. मग फॉर्म पुढे करून एका ओळीवर बोट ठेवलं : यापूर्वी पोलिसांनी ताब्यात घेतले होते काय?
"हितं काय लिव्हू, सायेब?"
फॉर्म घेतला, पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग म्हणालो, मॅडमना विचार.