शुक्रवारची सही

मी, जब्बार खाँ वल्द सत्तार खाँ, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी विमान दुरुस्ती व आता काहीच नाही, राहणार शेलूबाजार, तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशीम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. साखर वाढलेली आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण कोणी दाब दिला किंवा फूस लावली म्हणून लिहितो असं नाही. उलट, लिहू नये म्हणून सहा वर्षं माझ्यावर दाब होता आणि तो मी मुकाट्याने सोसला. वाशीमच्या वकीलबाई साधनाताई यांनी छापील नमुना दिला होता, तो मी परत केला. छापील कागदावर सह्या करून मी काय करून ठेवलं आहे ते पुढे येईलच.

१. माझी मालमत्ता म्हणजे बसस्टँडमागचं तीन खोल्यांचं घर आणि हायवेला लागून तीन गुंठे मोकळी जागा. आमच्या शरीयतीप्रमाणे दोन तृतीयांशावर माझा शब्द चालत नाही. ते बायको अमीनाबी, मुलगा अमान आणि मुलगी अनिसा यांच्यात ठरलेल्या हिश्शाने जाईल, त्यात मी नाक खुपसत नाही. एक तृतीयांश मात्र मी परक्याला देऊ शकतो. मोकळी जागा साधारण तेवढीच भरते, तिचं काय करायचं ते पाचव्या कलमात आहे. फक्त एवढं लिहितो की अमीनाबीला चार महिने इकडे, चार महिने तिकडे असं कोणी फिरवू नये. तिने ज्या खोलीत संसार केला त्या खोलीतच तिने राहावं, आणि सुनेने तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवू नयेत. मीठ जास्त पडतं हे मला बेचाळीस वर्षांपासून माहीत आहे.

२. मोटारसायकल नात नाजियाला द्यावी. ती कॉलेजला वाशीमला जाते, ऑटोत कोंबून जाण्यापेक्षा बरं. मुलीच्या जातीला मोटारसायकल कशाला, असं म्हणणाऱ्याने आधी हे पूर्ण मृत्युपत्र वाचावं. नाजियाला एकच ताकीद: पेट्रोलच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, झाकण उघडून टाकीत डोकवायचं. मी ज्या लहान विमानांवर एकतीस वर्षं काम केलं, त्यांतली निम्मी संकटं काट्यावर विश्वास ठेवल्याने आलेली पाहिली. उरलेली निम्मी समोर ढग दिसत असताना मागे न वळल्याने, लग्नाला निघालेल्या पाहुण्यांचं सामान वजन न करता भरल्याने आणि जमिनीवरच्या माणसाने "होऊन जाईन", म्हणजे आमच्या बोलीत होऊन जाईल, असं म्हटल्याने. हा शेवटचा शब्द म्हणणारा माणूस कधीच विमानात बसलेला नसतो.

३. हत्यारांची पेटी, पाने, टॉर्च, आरसा आणि काचेची बाटली अमानला द्यावी. पाने तो नीट ठेवणार नाही, ते मला ठाऊक आहे. बाटलीचं मात्र सांगून ठेवतो. विमानाचं पेट्रोल निळं असतं. रोज उड्डाणाआधी पंखाखालच्या तोटीतून थोडं या बाटलीत काढायचं आणि उजेडात धरायचं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी पांढरं बसलेलं दिसतं, आणि इंजिनात गेलं की इंजिन हवेतच बंद पडतं. दिसलं तर पुन्हा काढायचं, निळं येईपर्यंत काढायचं. दोन मिनिटांचं काम आहे. ते झाल्यावर तपासणीच्या तक्त्यावर सही करायची, आधी नाही.

अमानची नोकरी विमान शिकवणाऱ्या त्याच संस्थेत आहे जिथे मी होतो. संस्थेचं नाव लिहू नका, असं वकीलबाई म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही. ही नोकरी त्याला कशी मिळाली हे त्याला वाटतं तसं नाही. बेटा, तुझ्या हुशारीवर नाही मिळाली. चौथं कलम वाच आणि मग नोकरी ठेवायची की सोडायची ते तुझं तू ठरव.

४. हे कलम म्हणजे माझा कबुलीजबाब आहे. यातलंच सगळं वाशीमला केलेल्या प्रतिज्ञापत्रात लिहिलं आहे. त्याची नक्कल सोबत जोडली आहे.

केनवडच्या बबनराव बाजड यांची मुलगी वैजयंती आमच्या धावपट्टीवर विमान शिकली. लायसन्स मिळालं, तरी पुढच्या परीक्षेसाठी ती उड्डाणाचे तास पुरे करत होती. वय चोवीस. मला चाचा म्हणायची आणि मी बाटली उजेडात धरली की स्वतः येऊन बघायची. तिच्याइतकी काळजी घेणारा पायलट मी एकतीस वर्षांत पाहिला नाही. हे मी तिच्या मागे तिचं कौतुक म्हणून लिहीत नाही, माझं दुरुस्तीचं मत म्हणून लिहितो.

त्या पावसाळ्यात पेट्रोलचे ड्रम शेडबाहेर उभे ठेवलेले होते. उभ्या ड्रमच्या झाकणावर पाणी साचतं आणि ऊन-गारव्याने हळूहळू आत झिरपतं. ड्रम आडवे करा, असं मी संस्थेच्या मॅनेजरसाहेबांना तीनदा सांगितलं. ते म्हणाले, "होऊन जाईन, जब्बारभाई. तुमी कायले टेन्शन घेता?" मी चौथ्यांदा सांगितलं नाही.

आता माझं. तपासणीच्या तक्त्यावर रोज सही लागते. शुक्रवारी मी नमाजाला जायचो आणि परत यायला उशीर व्हायचा. म्हणून शुक्रवारची सही सोमवारीच करून ठेवायची, असं आम्ही सोयीने ठरवून टाकलं होतं. "इंधनातील पाणी तपासले: होय." सोमवारी लिहिलेलं होय. इतकी वर्षं ते चालून गेलं, कारण शुक्रवारी सहसा कोणी उडायचं नाही. दिनांक २० सप्टेंबर २०१९, शुक्रवार, वैजयंतीची परीक्षा जवळ आली होती. ती आली, तक्ता पाहिला, त्यावर माझी सही पाहिली. जब्बारचाचाची सही आहे म्हणजे झालं, असं तिला वाटलं असणार. नमाज पढून मी बाहेर आलो तेव्हा फोन वाजत होता.

विमान केनवडच्या शिवारात, सोयाबीनच्या वावरात उलटं पडलं होतं. नेहमीच्या उड्डाणाचा रस्ता तिथूनच जातो, त्यात तिने कोणताही नियम मोडला नव्हता. मी पोचलो तेव्हा तिला नेलेलं होतं. इंजिनाजवळच्या गाळणीची वाटी मी उघडली. तीत बोटभर पाणी होतं. ते मी पाहिलं, वाटी पुन्हा बसवली आणि बाजूला झालो. नंतर पाऊस आला, तपास करणारे तिसऱ्या दिवशी आले. तोवर कुठेही पाणी सापडलं असतं तरी ते पावसाचंच ठरलं असतं. शिवाय तक्त्यावर माझं होय होतंच. आणि धावपट्टीवरचे सगळे ड्रम दुसऱ्याच दिवशी आडवे झालेले होते. मॅनेजरसाहेबांना काही माहीत नव्हतं असं कोणी म्हणत असेल, तर ते ड्रम कोणी लोळवले ते त्याने सांगावं.

मग चौकशी गावात गेली. आमच्याकडे बोलताना विमानाला इमान म्हणतात. केनवडच्या पंधरा माणसांनी जबाब दिले आणि सगळ्यांनी छाती फुगवून दिले. बबनरावांनी सांगितलं, "पोरगी आमाले भेटीले आली व्हती. इमान खाली आणलं, हळूच आली, आवाज बी नाई केला." गावाला वाटलं, पोर एवढी मोठी झाली तरी गाव विसरली नाही. चौकशीला वाटलं, ही मिरवायला खाली आली. अहवालात लिहिलं गेलं: वैमानिकाने स्वतःच्या गावावर विनापरवाना कमी उंचीवरून उड्डाण केले, फाजील धाडस, मानवी चूक.

माझा संताप इथे आहे. पंधरा माणसं सांगतात की आवाज न करता आली. इंजिन चालू असताना विमान आवाज न करता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तो एकच शब्द नीट वाचला असता तर बाकी सगळं उलगडलं असतं. इंजिन बंद पडलेलं होतं. खाली रस्त्यावर शाळा सुटलेली, म्हणून तिने रस्ता सोडला आणि वावर धरलं. काळ्या ओल्या रानात चाकं रुतली. वाचायला बसलेल्या शिकलेल्या माणसांना हे दिसलं नाही, कारण लहान विमान पडलं की पायलटची चूक हे त्यांचं आधीच लिहून तयार असतं. मेलेला माणूस हरकत घेत नाही. आमच्या संस्थेने तर नंतर भिंतीवर पाटी लावली, "अपघाताची नेहमीची कारणे", आणि तिच्यात पहिलं कारण लिहिलं, फाजील धाडस. त्या पाटीखालून मी निवृत्त होईपर्यंत दोन वर्षं जेवणाचा डबा घेऊन गेलो.

मी बोललो नाही, कारण माझी सही होती. आणि त्याच महिन्यात मॅनेजरसाहेब घरी येऊन म्हणाले की अमानसाठी जागा निघाली आहे. चूक झाली असं लिहून मला सुटायचं नाही. चूक शुक्रवारी झाली. त्यानंतरचे सगळे दिवस मी ती जाणूनबुजून केली.

५. ~~हायवेलगतची तीन गुंठे जागा केनवडचे बबनराव बाजड व त्यांची पत्नी गोजराबाई यांना द्यावी.~~ (खोडले आहे. खोडाखोडीवर माझी सही आहे. कारण खाली.)

वरचं सगळं लिहून मी पाकीट बंद करणार होतो. मेल्यावर उघडतील, तेव्हा मी नसेन. अमीनाबीला वाचून दाखवलं. ती म्हणाली की जिवंतपणी तोंड लपवलंत, आता कफनाआडून बोलणार आहात का. दोन दिवस तिने माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी, म्हणजे आज, मी शेजारच्या सेवालालला जीप काढायला सांगितली आणि त्याच्यासोबत केनवडला आलो.

बबनराव ओसरीवर होते. वैजयंतीचा पांढऱ्या शर्टातला फोटो भिंतीवर होता. गोजराबाईंनी चहा ठेवला. चहा पिण्याआधीच मी सगळं सांगितलं, कारण चहा पिऊन सांगितलं असतं तर तेही खोटंच झालं असतं.

मग गोजराबाई म्हणाल्या, "म्हंजे ते आमाले भेटाले नाई आली?"

मी म्हणालो, "नाई, बाई. इंजिन बंद पडलं व्हतं. ते उतराले जागा पाहून राह्यली व्हती."

"सहा वर्स मी लोकाले सांगून राह्यली, मरता मरता मायले भेटून गेली म्हून." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि काढला. "तुमी कुठी व्हते इतके दिस?"

शेलूबाजारहून केनवडला जीप सहज जाते.

बबनराव म्हणाले, "म्हंजे तिच्यावर डाग लागला तो माह्या जबाबानं."

"माझ्या सहीनं," मी म्हणालो. "तुमी पाहिलं ते सांगतलं."

मग मी जागेचं सांगितलं. तेव्हा मात्र ते चिडले. "जागा नोका देऊ मले. तुमची जागा घेऊन मी काय करू, जब्बारभाई? त्या कागदावर साक्षीदार लागतेत ना? मंग माही सही घ्या." मी सांगितलं की ज्याला हिस्सा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणतात, उद्या कोणी बोट ठेवेल. ते म्हणाले, "मंग हिस्सा खोडा." मी इथेच, त्यांच्या ओसरीवर, कलम खोडलं आणि पुढचं लिहायला बसलो. आता ती जागाही वारसांतच जाईल.

६. मॅनेजरसाहेब माझ्या मय्यतीला येतील. येणारच, त्यांना सगळीकडे दिसायची सवय आहे. आले तर बसायला खुर्ची द्यावी, चहा द्यावा. जनाज्याला खांदा देऊ देऊ नये.

७. प्रतिज्ञापत्राची एक नक्कल आता अपघाताची चौकशी करणाऱ्यांना रजिस्टर पोस्टाने जाईल; तिच्यावर उत्तर येईपर्यंत अमान आणि अनिसा यांनी पाठपुरावा करावा. अहवालातून "फाजील धाडस" हे शब्द निघाले पाहिजेत. मी शिक्षेला हजर आहे, त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. हे मृत्युपत्र पाकिटात बंद करायचं नाही. ज्याला वाचायचं त्याने आजच वाचावं.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि लिहून झाल्यावरच, आजच्या तारखेलाच, खाली सही केली.

ठिकाण: केनवड, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

(सही) जब्बार खाँ वल्द सत्तार खाँ

साक्षीदार:

१. (सही) सेवालाल राठोड, राहणार शेलूबाजार. जब्बारचाचांनी माझ्यासमोर सही केली.

२. (सही) बबनराव तुळशीराम बाजड, राहणार केनवड. कागद पयल्यापासून वाचून घेतला. चौकशीत म्या देल्ला तो जबाब मी वापस घेतो. माही पोरगी आमाले भेटाले आली नव्हती.