सिंगापूरहून लावलेला फोन

धुळे, ३० ऑगस्ट १९९४

ती. अक्कास,

पाया पडतो. तुझी भावजय बेबा शेजारीच डाळ निवडत बसली आहे, तीही पाया पडते म्हणते. पिंपळनेरला पाऊस बरा आहे असं बसच्या कंडक्टरकडून कळलं. इकडे नुसते शिंतोडे. तुझं पत्र मिळालं. आधी सिंगापूरचं सांगतो, मग तिकडे वळतो.

कंपनी म्हणाली, डीलर लोकांना सिंगापूर फुकट, फक्त टारगेट पुरं करा. माझे तीन ट्रक पाईप कमी पडत होते. ते मीच माझ्याकडून विकत घेतले. आता दुकानामागे उन्हात पडलेत, करडे होते ते पांढरट व्हायला लागले. त्यात पासपोर्ट, सफारीचे दोन जोड आणि चाकांची बॅग. फुकटचं सिंगापूर मला चाळीस हजारांच्या वर गेलं. हा झाला पैशाचा भाग.

गाव मात्र बघण्यासारखं. मी धुळ्याचा माणूस, चार दिवस धूळ शोधत होतो. बुटांची पॉलिश गेली तशी परत आली. हवा आपल्या भादव्यासारखी, अंगाला चिकटणारी. पण काचेचं दार ढकलून आत गेलं की थेट पौषातली थंडी. दिवसातून दहा वेळा भादवा आणि दहा वेळा पौष. चाळीस चाळीस मजल्यांच्या इमारती, खिडक्या हजार, पण उघडणारी एकही नाही. रेल्वे जमिनीखालून जाते आणि एवढी माणसं आत असून आवाज नाही. चार दिवसांत मी कोणी कोणाला लांबून हाक मारलेली ऐकली नाही.

हॉटेलच्या दारात केळीचं झाड दिसलं, पानं पंख्यासारखी पसरलेली. मी म्हणालो, घड कधी धरतो? गाईड मद्रासकडचा, हिंदी तोडकं मोडकं. म्हणाला, ही केळ नाही, शोभेचं झाड आहे. आपल्याकडे कोणी केळीसारखं दिसणारं झाड लावून घड येऊ दिला नाही तर लोक वेडा म्हणतील.

बरोबर दोंडाईचाचे रतिलालशेठ होते. रस्त्यात थुंकलं तर दंड, हे कळल्यावर म्हणतात, "झुलालशेठ, आठे थुकाना बी पैसा लागस! आपला बसस्टँड आठे उचली आना, सरकार एक दिनमा श्रीमंत व्हई जाई." पोट धरून हसलो.

शनिवारी संध्याकाळी कंपनीचं जेवण होतं. साहेबांनी खेळ काढला. डोळ्यांवर रुमाल बांधायचा, समोर येईल तो फक्त खाकरणार, आणि तो कोण ते सांगायचं. बाकीच्यांची दोन-तीनवर दांडी उडाली. मी चौदापैकी चौदा ओळखले, साहेबांसकट. रतिलालशेठ बाईसारखे नाजूक खोकले, तर मी म्हणालो, "शेठ, पुढचा दात बसवून घ्या, वारा सुटतो." हॉलभर टाळ्या. अक्का, अकरा वर्षांच्या धंद्यात माझ्या कानाने मला फसवलं नाही. पाईपावर बोटाचं पेर मारलं की आत चीर आहे की नाही ते मी सांगतो. इंजिनिअरला मशीन लागतं. बक्षीस म्हणून छोटा रेडिओ मिळाला. तो तुझ्यासाठी ठेवला आहे.

फोन का केला नाहीस, असं तू विचारलं आहेस. लाईन मिळत नव्हती. परदेशातून आपल्या गावात फोन लावणं सोपं नाही.

आता कानबाईच्या सणाचं.

तू मध्ये पडलीस म्हणून यंदाची गोष्ट जुळून आली होती, हे मी विसरलेलो नाही. सासरी गेलेल्या लेकीला कानबाईच्या प्रसादाचा रोट चालत नाही. तुझ्या तोंडी घासही पडणार नव्हता, तरी तू दोन वेळा पिंपळनेरहून बस बदलत आलीस. अकरा वर्षांपूर्वी माझ्या वाटणीचं वावर मी थोरल्या भावाला, आबाला, न विचारता परक्याला विकलं आणि दुकान टाकलं. भाऊबंदांना आधी विचारायची रीत, ती मी मोडली. त्या श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी गहू काढताना आबाने माझं नाव घेतलं नाही. आपले वडील, दादा, कसे घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ सुपात टाकायचे, "ही अभिमननी, ही झुलालनी." नाव नाही तर मूठ नाही, मूठ नाही तर रोट नाही. तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

आणि यंदा जेठात तू दुकानात येऊन बसलीस, पाणीसुद्धा न पिता म्हणालीस, "आबा म्हणे, सांग त्याले, तुनी मूठ मोजसू. कायबी बोलनं नही. फक्त जेवाले ये." मी तुझ्यादेखत "येतो" म्हणालो.

मग मी तुला कळवलं की कंपनीने तारीख ठरवली, कानबाईचा रविवार नेमका त्यातच आला, माझा इलाज नाही, पण तिथून फोन करतो. फोनचं तू आबाला सांगितलंस.

अक्का, तारीख कंपनीने ठरवली नव्हती. दोन तुकड्या जाणार होत्या, एक श्रावणात, एक गणपतीनंतर. साहेबांनी मला विचारलं. श्रावणातली मी मागून घेतली.

का, ते बेबालाही सांगितलेलं नाही. मला आबासमोर बसायची भीती वाटली. तो भांडला असता तर मी बसलो असतो. धंदेवाला माणूस आहे, शिवीला माझ्याकडे उत्तर असतं. पण तो माझ्या पानात रोट वाढणार आणि वावराचं काहीच बोलणार नाही, हे मला सोसणार नव्हतं. लोक म्हणतात झुलाल सिंगापूर बघायला गेला. मी पळून गेलो होतो.

रविवारी आम्हाला समुद्राखालच्या काचेच्या बोगद्यात नेलं. आपण उभं राहायचं, जमीनच पुढे सरकते. डोक्यावरून मासे जातात, म्हशीएवढे. सगळे वर बघत होते. मी घड्याळात बघत होतो. घड्याळ मी आपल्याकडच्याच वेळेवर ठेवलं होतं. साडेबारा. आता रोट उतरले असतील, गंगाफळाची भाजी झाली असेल, भाऊबंद पंगतीला माझ्यासाठी थांबले नसतील, असं मी मनाला सांगत होतो.

ते थांबले होते, हे तुझ्या पत्रावरून कळलं. माझ्या वाटेचा रोट पौर्णिमेपर्यंत झाकून ठेवला, हेही. बाहेरच्याला देता येत नाही, पौर्णिमेपुढे ठेवता येत नाही. शेवटी आबाने स्वतः खड्डा करून पुरला, आणि माती लोटताना म्हणाला, "आते त्यानी मूठ नही मोजाव." हे तू लिहिलंस ते बरं केलंस.

लाईन मिळत नव्हती, असं वर लिहिलं ते खोटं आहे. खोडत नाही, राहू दे. बोगद्यातून बाहेर आल्यावर मी गटातून निसटलो आणि एका फोनच्या दुकानात गेलो. तीन वेळा लागला नाही. चौथ्यांदा वनाच्या घरी वाजला. आबाच्या सबंध गल्लीत तेवढाच फोन.

"हॅलो, वनाभाऊंचं घर ना?"

"हा. बोला."

आवाज घोगरा, थकलेला. मला वाटलं, वनाचा सासरा आला असेल सणाला.

"बाबा," मी म्हणालो, "जरा अभिमन आबांना बोलवता का? त्यांचा भाऊ बोलतोय म्हणा, झुलाल. सिंगापूरहून."

मागे बाया कानबाईची गाणी म्हणत होत्या, ती स्वच्छ ऐकू येत होती. मग तो माणूस सावकाश म्हणाला,

"अभिमन घर नही शे. वावरमा गया."

आणि फोन ठेवला.

मला हायसं वाटलं, अक्का. फोन केला हेही झालं आणि बोलावंही लागलं नाही. बाहेर येऊन रतिलालशेठबरोबर नारळपाणी प्यालो. कानबाईच्या रविवारी पंगत सोडून कोणी वावरात जात नसतं, एवढं साधं तेव्हा मला सुचलं नाही.

काल तुझं पत्र आलं. शेवटच्या ओळी मी बेबाला वाचून दाखवल्या नाहीत. तू लिहिलंस, आबा सकाळपासून वनाच्या घरी फोनजवळ बसला होता, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हता. दुपारी एकदाच वाजला, तो त्यानेच उचलला. तू विचारलंस, कोणाचा? तर म्हणाला, राँग नंबर.

हे पत्र आबाला वाचून दाखव, नाहीतर चुलीत घाल. तू ठरवशील ते.

राँग नंबर नव्हता. मला आबाचा आवाज ओळखू आला नाही.

तुझा,
झुलाल